पोट्टा रात्रभर फ्री फायर खेळून राह्यला, आता काय करावं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून ताईंचं पत्र आलंय. त्याचा सारांश असा: मुलगा पंधरा वर्षांचा, दहावीत. साडेतीन एकर कोरडवाहू शेती, सध्या कापसाची वेचणी सुरू आहे, नवराबायको दोघंही सकाळी आठला घर सोडतात. उन्हाळ्याच्या सुट्टीपासून मुलगा फोनवर फ्री फायर मॅक्स हा बंदुकांचा गेम खेळायला लागला आणि आता रात्री दोन-अडीचपर्यंत खेळतो. "मार, मार, सोडू नको त्याले" असं ओरडतो. सहामाहीत गणितात आणि इंग्रजीत नापास झाला. वडिलांच्या खात्यातून तीन हजारांवर रक्कम गेली, ती गेममध्येच गेल्याचं नंतर कळलं. मागच्या आठवड्यात वडिलांनी फोन आपटून फोडला. तेव्हा "मी जीव देतो" म्हणाला आणि दोन दिवस जेवला नाही. चुलते म्हणतात, हे गेम खेळून पोरं खुनी होतात. शेजारीण म्हणते बाहेरचं आहे, महाराजाकडे न्या. ताई विचारतात: हा हिंसक होईल का? होस्टेलला टाकावं का? गोळ्या द्याव्या लागतील का?

ताई, मी विदर्भातल्या तालुक्याच्या गावात मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करतो आणि असे प्रश्न घेऊन आईवडील माझ्याकडे सतत येतात. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देतो. पण आधी त्या "मी जीव देतो" बद्दल बोलू. तुमच्या पत्रात ते एका ओळीत येऊन गेलंय, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे.

पंधरा वर्षांचा मुलगा असं म्हणतो तेव्हा घरची माणसं एक तर "धमक्या देऊ नको" म्हणून झिडकारतात, नाहीतर घाबरून दुसऱ्या दिवशी नवा फोन आणून देतात. दोन्ही करू नका. या वयात भावना झटक्यात भडकतात, आणि त्यांना आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पुरता तयार व्हायला पंचविशी उजाडते. त्यामुळे या वयातल्या टोकाच्या गोष्टी पुष्कळदा ठरवून केलेल्या नसतात, थोड्या वेळाच्या संतापात होतात. तेवढा वेळ सुखरूप गेला तर मूल वाचतं. आपल्या भागात तो वेळ धोक्याचा आहे, कारण फवारणीचं औषध घरातच असतं. कपाशीवर मारून उरलेलं, तणनाशकाचा अर्धा डबा, कोठीमागे, खाटेखाली, गोठ्यात. आज शेतातून आल्यावर पहिलं काम हे करा: सगळे डबे गोळा करून पेटीत घाला, कुलूप लावा आणि किल्ली स्वतःजवळ ठेवा. पेटी राहत्या घराबाहेर ठेवता आली तर फारच चांगलं. श्रीलंकेने १९९० च्या दशकापासून सगळ्यात विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली, आणि पुढच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. लोकांची दुःखं तेवढ्या काळात काही संपली नव्हती. विष हाताशी राहिलं नाही, एवढा फरक पडला.

दुसरं, त्याच्याशी स्पष्ट बोला. दोघंच असताना, काम करता करता विचारा: "त्या दिवशी जीव द्यायचं म्हणाला होतास, अजून मनात येते का रे तसं?" असं विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही समजूत खरी नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून मुलं मोकळी होतात. तो "हो" म्हणाला, कसं करणार तेही सांगू लागला, किंवा आपल्या वस्तू इतरांना वाटू लागला, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. रात्री-बेरात्री काही सुचेनासं झालं तर १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर फोन लावा. ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. फोन तुम्हीही करू शकता, मुलानेच करायला पाहिजे असं नाही.

आता चुलत्यांची भीती. हिंसक गेम आणि हिंसक माणूस यांच्या नात्यावर जगभर कित्येक दशकं संशोधन चाललंय. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन ही तिथल्या मानसशास्त्रज्ञांची मोठी संघटना. तिने २०१५ मध्ये झालेले अभ्यास तपासून सांगितलं की अशा गेममुळे आक्रमकपणा, म्हणजे चिडणं, टाकून बोलणं, ढकलाढकली, थोडा वाढताना दिसतो. २०२० मध्ये तिने आपली भूमिका आणखी स्पष्ट केली: हा परिणाम लहान आहे, आणि गंभीर हिंसा गेममुळे होते असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या चौदा-पंधरा वर्षांच्या सुमारे हजार मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गेम किती हिंसक हे त्यांनी मुलांच्या मतावर न सोडता अधिकृत वर्गवारीवरून ठरवलं, आणि मूल किती आक्रमक वागतं हे पालकांना विचारलं. दोन्हींत संबंध सापडला नाही. तुमचा मुलगा गेममध्ये बंदूक चालवतो म्हणून उद्या कोणाच्या अंगावर कुऱ्हाड घेऊन जाईल, ही भीती मनातून काढून टाका.

"मार, सोडू नको" हे भिंतीपलीकडून ऐकलं की आईच्या पोटात गोळा येतो, ते मी समजू शकतो. पण तो हेडफोन लावून आपल्या स्क्वॉडमधल्या, म्हणजे गेममधल्या संघातल्या, तिघांशी बोलत असतो. "नॉक झाला", "रिव्हाइव्ह दे", "मागून येऊन राह्यला" ही त्या खेळातली रोजची बोली आहे. कबड्डीच्या मैदानाबाहेर उभे राहून पोट्टे "पकड, पाड त्याले" ओरडतात, तितकाच त्याचा अर्थ.

मात्र गेममधल्या मारामारीने कोणालाच काही होत नाही, असंही मी म्हणणार नाही. घरात सहा-सात वर्षांचं लेकरू असेल तर ते दादाच्या शेजारी बसून हे पाहणार नाही, याची काळजी घ्या. एवढ्या लहानांना खेळ आणि खरं यातला फरक नीट उमगत नाही, ती रात्री दचकतात, अंधारात जायला घाबरतात. आणि मोठा मुलगा खरोखरच आईच्या किंवा बहिणीच्या अंगावर हात टाकत असेल, मुक्या जनावराला छळत असेल, दुसऱ्याला दुखलं की त्याला बरं वाटत असेल, चाकू घेऊन फिरत असेल, तर तो वेगळा आणि गंभीर विषय आहे. त्याचा दोष गेमवर टाकून थांबू नका, मुलाला दाखवायला आणा. मारणं तू कुठे पाहिलंस, असं मी अशा मुलांना विचारतो तेव्हा उत्तर पुष्कळदा घरातलं असतं. दारू पिऊन आलेला बाप आईवर हात उचलतो, आणि दाराआडून मूल ते पाहतं. तुमच्या पत्रात तसं काही नाही. पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या घरी असेल तर त्यांनी फोनच्या आधी तिकडे पाहावं.

मग तुमच्या मुलाच्या बाबतीत काळजी कशाची? त्याची झोप गेली, शाळा मागे पडली, पैसे गेले, आणि घरात एकमेकांशी बोलणं बंद झालं. गोळीबाराचा गेम नसता, चेंडूफळीचा असता आणि तो रात्री अडीचपर्यंत चालला असता, तरी मी हेच म्हटलं असतं.

हा गेम सोडवत का नाही, हे आईवडिलांनी समजून घेतलं तर अर्धी भांडणं मिटतात. फ्री फायर हा सिंगापूरच्या गरेना कंपनीचा गेम. साध्या, स्वस्त फोनवर आणि कमी नेटवर्कवर चालतो म्हणून तो खेड्यापाड्यात इतका पसरला. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारने मूळ फ्री फायरवर बंदी घातली, पण फ्री फायर मॅक्स सुरू राहिला. "सरकारने बंद केलेला गेम हा खेळतो" असं म्हणून वडील ओरडतात आणि मुलगा "हा तो नाही" म्हणतो, तेव्हा मुलगा खोटं बोलत नसतो. पबजीचंही तसंच. २ सप्टेंबर २०२० ला त्यावर बंदी आली, २०२१ मध्ये तो बीजीएमआय नावाने परतला, २०२२ मध्ये पुन्हा हटवला गेला आणि २०२३ मध्ये काही अटींवर आला. अठराच्या आतल्या मुलाला दिवसाला तीनच तास, ही त्यातली एक अट. पण अकाउंट वडिलांच्या वयावर उघडलेलं असेल तर ती अट कागदावरच राहते, आणि आपल्याकडे फोन बहुधा वडिलांचाच असतो.

फ्री फायरच्या एका मॅचमध्ये पन्नास खेळाडू एका बेटावर उतरतात आणि शेवटी उरेल तो जिंकतो. मॅच साधारण दहा मिनिटांची. चौघांचं स्क्वॉड असतं. मुलं मला सांगतात, "मी मधातच निघालो त बाकी तिघं मरतात ना." म्हणजे तुम्ही "आत्ताच्या आत्ता ठेव" म्हणता तेव्हा त्याच्या लेखी तुम्ही त्याला मित्रांना अर्ध्यावर टाकायला सांगत असता, वर रँकचे गुणही जातात. रोज गेम उघडला तर रोजचं बक्षीस, ठराविक काळाने नवा सीझन, आणि डायमंड, म्हणजे गेममधलं चलन, खऱ्या पैशांनी विकत घेऊन फिरवायचं चक्र. त्या चक्रात काय लागेल ते माहीत नसतं. कधी मिळेल हे सांगता येत नाही असं बक्षीस सगळ्यात जास्त धरून ठेवतं, हे स्किनर या मानसशास्त्रज्ञाने गेल्या शतकात कबुतरांवर प्रयोग करून दाखवलं होतं. गेम बनवणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक आहे. समोर शिकलेली, पगारी माणसं हे चक्र घडवत बसलेली आहेत, आणि इकडे आपलं पंधरा वर्षांचं पोर एकटं आहे. त्याला "तुझ्यात इच्छाशक्तीच नाही" म्हणणं अन्यायाचं आहे.

यात आपल्या गावांची भर पडते. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला. २०२० मध्ये कोरोनात शाळा बंद झाल्या तेव्हा शिकण्यासाठी म्हणून आपणच मुलांच्या हाती फोन दिले, आणि शाळा उघडल्यावर ते परत घेतले नाहीत. वेचणीच्या दिवसांत घर संध्याकाळपर्यंत रिकामं असतं. शाळेतून आल्यावर मुलाला बोलायला कोणी नाही, गावात वाचनालय नाही, शाळेच्या मैदानाला पाच वाजता कुलूप लागतं, तालुक्याची शेवटची बस निघून गेलेली असते. साडेतीन एकरवाल्याचा, इंग्रजीत नापास होणारा पोरगा वर्गात मागच्या बाकावर बसतो, त्याला कोणी विचारत नाही. तोच फोनमध्ये हिरोइक या वरच्या रँकला असतो आणि पुसदचा, नागपूरचा, बिहारमधला पोरगा त्याला "भाई, तू ये तर आपण जिंकतो" म्हणतो. ताई, हा मान त्याला दुसरीकडे कुठे मिळतो, याचा विचार आपण दोघांनी करायचा आहे. तो मिळायची दुसरी जागा तयार झाल्याशिवाय गेम काढून घेतलात तर मुलाच्या हातात काहीच उरत नाही.

हा आजार आहे का? जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात गेमिंग डिसऑर्डरला जागा मिळाली. ते वर्गीकरण मे २०१९ मध्ये मान्य झालं आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. त्यात तीन खुणा सांगितल्या आहेत. खेळण्यावर ताबा राहत नाही. बाकी सगळ्या आवडी आणि कामांच्या आधी खेळणंच येतं. आणि नुकसान दिसत असूनही ते चालू राहतं किंवा वाढतं. यामुळे घर, शिक्षण, नातीगोती यांचं ठळक नुकसान झालेलं असावं लागतं, आणि हे साधारण बारा महिने चाललेलं असावं लागतं. खुणा फार तीव्र असतील तर त्याआधीही निदान करता येतं. गेम खेळणाऱ्या बहुतेक मुलांना हा आजार नसतो. तुमच्या मुलाच्या बाबतीत पहिल्या दोन खुणा दिसतात, पण जेमतेम सहा महिने झालेत. मी आज त्याला आजारी म्हणणार नाही. वेळेवर हात घातला तर सावरणारं प्रकरण आहे, असं म्हणेन.

मात्र एक शोध घ्या. अभ्यास आधी सुटला की गेम आधी आला? सहावी-सातवीपासूनची प्रगतिपुस्तकं काढून ओळीने लावा. गुण तेव्हापासूनच घसरत असतील तर गेम हे कारण नाही, तो लपायला गेलेला आडोसा आहे. वाचताना अक्षरं अडखळतात, पाढे कितीदा पाठ केले तरी राहत नाहीत, एका जागी बसवत नाही, अशी मुलं "आळशी" म्हणून मार खात दहावीपर्यंत येतात. अध्ययन अक्षमता किंवा लक्ष टिकवण्याचा त्रास कोणी तपासलेलाच नसतो. तपासून प्रमाणपत्र मिळालं तर दहावीच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलतीही मिळतात. काही मुलांच्या मागे उदासी असते: आवडतं खाणं नको, क्रिकेट नको, अंघोळ नको, सारखं डोकं किंवा पोट दुखतं. अशा मुलाला गेम खेळल्याने सुख होतं असंही नाही, तेवढा वेळ मन सुन्न होतं एवढंच. काहींना शाळेत कोणीतरी त्रास देत असतं. हे वरवर कळत नाही, म्हणून मुलाला एकदा तरी जाणकाराला दाखवावं, असा माझा आग्रह असतो.

आता घरी काय करायचं. सुरुवात वडिलांनी करायची. त्यांनी मुलाला सांगावं, "तू पैसे घेतले ते चुकलं, पण मी फोन फोडला तेही चुकलं." हे म्हटल्याने बापाचा मान कमी होत नाही. असं एकदा झाल्याशिवाय पुढची कुठलीही बोलणी मुलाच्या कानात शिरणार नाहीत.

फोन कायमचा बंद करायचा विचार सोडा. शाळेच्या सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, शिष्यवृत्तीचे अर्ज ऑनलाइन भरायचे असतात, आणि घरी नाही दिला तर तो मित्राच्या फोनवर पारावर बसून खेळेल, जिथे तुमची नजर नाही. नवा फोन येईल तो घरचा असेल, त्याच्या एकट्याचा नाही, हे आधीच ठरवा.

पहिली लढाई झोपेची लढा, वेळ कमी करण्याची नंतर. या वयात आठ ते दहा तास झोप लागते. ती मिळाली की चिडचिड, भूक, वर्गातलं लक्ष, सगळ्यात फरक पडतो, आणि मग मुलाशी बोलता येतं. रात्री दहाला घरातले सगळे फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लागतील. सगळे म्हणजे वडिलांचाही. बाप खाटेवर पडून रील पाहतोय आणि मुलाला "झोप" म्हणतोय, हे चालणार नाही. सकाळी उठायची वेळ सुट्टीच्या दिवशीही तीच ठेवा. तुरीला रोही-डुकरं लागतात म्हणून मुलाला जागलीला पाठवत असाल तर दहावीच्या वर्षात शक्यतो पाठवू नका. पाठवावंच लागलं तर साधा बटणांचा फोन द्या. रात्री मचाणावर एकटा, हातात स्मार्टफोन आणि विचारणारं कोणी नाही, यातून रात्रभर खेळायची सवय लागलेले मुलगे मी पाहिले आहेत.

वेळ मोजायची ती मॅचमध्ये मोजा. "अर्धा तास" ठरवला की तिसाव्या मिनिटाला मॅच मध्यावर असते आणि भांडण होतं. "तीन मॅच" ठरवलं तर तिसरी संपते तेव्हा त्याच्याही हाती थांबायला जागा असते. सुरू करतानाच विचारायचं, "ही कितवी?" आज पाच तास खेळत असेल तर एकदम शून्यावर आणू नका. पहिल्या आठवड्यात तीन तासांत बसतील तेवढ्या मॅच, मग दोन तासांच्या, मग एका तासाच्या, आणि त्याही अभ्यास आणि जेवण झाल्यावर. हे आकडे त्याच्याबरोबर बसून ठरवा, वहीच्या कागदावर त्याच्या हाताने लिहून घ्या, आणि मोडलं तर काय होईल तेही त्यालाच सुचवू द्या. पहिले दहा-पंधरा दिवस तो चिडेल, बोलणार नाही, ताट सारून देईल. त्या दिवसांत तुम्ही एकदा पडतं घेतलंत तर आरडाओरडा केला की फोन मिळतो, हे तो शिकतो. ठरलेलं शांतपणे पाळा, मारू नका, जुनं उकरू नका.

एखादी संध्याकाळ वडिलांनी त्याच्या शेजारी बसून "मले दाखव कसं खेळते ते" म्हणावं. माझ्याकडे येणाऱ्या वडिलांना हे सगळ्यात अवघड जातं आणि याचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो. मुलगा समजावून सांगायला लागतो, आणि कित्येक महिन्यांनी घरात दोघांचं नीट बोलणं होतं.

रिकाम्या झालेल्या वेळात काय, हे आधी ठरलेलं हवं. आता कबड्डीच्या सामन्यांचे दिवस येतील, गावोगावी संघ उभे राहतात. पोलीस भरतीची तयारी करणारी मोठी पोरं पहाटे रस्त्यावर धावतात, त्यांच्यातल्या एखाद्या भल्या मुलाला सांगा, "याले घेऊन जात जा." चौघांनी मिळून जिंकायची त्याला आवड आहे, ती संघात खेळून भागेल. वेचणीला मात्र शिक्षा म्हणून जुंपू नका. शेतात काम करायला हरकत नाही, पण फोन घेतला म्हणून शेतात पाठवलं, तर शेत म्हणजे शिक्षा हे त्याच्या मनात कायमचं बसेल.

पैशांचं थोडक्यात. डायमंड घेण्यासाठी गेलेली रक्कम गुगल प्लेच्या खरेदीच्या यादीत दिसते. परताव्यासाठी लगेच अर्ज करावा लागतो, उशीर झाला की बहुधा मिळत नाही. यूपीआयचा पिन आजच बदला, मुलाला सांगू नका, आणि प्ले स्टोअरवर प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागेल अशी सेटिंग करून घ्या. तो रमी, सट्टा असं पैसे लावून काही खेळतो का, तेही विचारा. हा वेगळा रोग आहे, आणि अठरा-वीस वर्षांच्या पोरांना सावकाराच्या दारात नेऊन सोडतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा केला. शिक्षा असे गेम चालवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही, त्यामुळे मूल अशात अडकलं असेल तर लपवू नका. कोणी फसवून पैसे काढले असतील तर १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर आहे.

महाराजाकडे नेऊ का? देवदर्शनाला जा, मन शांत होत असेल तर जरूर जा. पण कोणी मुलाला मारून, उपाशी ठेवून, धुरी देऊन "बाहेरचं" काढतो म्हणाला तर तिथून उठून या. महाराष्ट्रात २०१३ पासून अशा अघोरी उपायांविरुद्ध कायदा आहे. गेमची सवय घालवणारी गोळी नाही. उदासी, लक्ष टिकवण्याचा त्रास किंवा फार अस्वस्थता निघाली तर तेवढ्यासाठी औषध लागू शकतं. होस्टेलला या वर्षी नका टाकू. दहावीच्या मध्यात शाळा आणि घर दोन्ही बदललं, तर "मला हाकललं" एवढंच त्याला कळेल.

तुमच्याच जिल्ह्यात, पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठराच्या आतल्या मुलांना मोबाइल वापरायला बंदी करण्याचा ठराव केला. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात संध्याकाळी सातचा भोंगा सुरू झाला. भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद. दोन्ही गावांची कळकळ खरी आहे. मला वडगावची वाट जास्त पटते, कारण त्यात मोठी माणसंही बांधली जातात. तुमच्या ग्रामसभेत कोणी विषय काढला तर त्याला जोडून एवढं मागा की शाळेचं मैदान रात्री आठपर्यंत उघडं ठेवा आणि तिथे एक दिवा लावा.

दाखवायला कुठे जायचं? यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ पडेल, तिथे मनोविकार विभाग आहे. सेवाग्राम, सावंगी, अकोला, नागपूर इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांतही आहे. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना विचारलं तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक तुमच्या तालुक्यात कोणत्या वारी येतं ते सांगतील. मुलगा "मी काय वेडा हाय का?" म्हणून यायला नकार देईल, बहुतेक सगळेच देतात. ओढत आणू नका. पहिल्या वेळी तुम्ही दोघंच या. येताना मागच्या चार वर्षांची प्रगतिपुस्तकं आणा, आणि तो रोज किती वाजता झोपला आणि उठला हे आठ दिवस लिहून ठेवून तो कागद आणा. तेवढ्यावर आम्हाला काम सुरू करता येतं. पुढच्या वेळी त्याला सांगा की डॉक्टर झोपेबद्दल आणि डोकेदुखीबद्दल बोलणार आहेत. ते खरंच असतं, आणि त्यासाठी मुलं येतात.